मंगरूने तेल सोडलं होतं

आमच्या करडी गावात आजही फवारणीचे दिवस आले की कोणीतरी म्हातारा नव्या पोराला दम देतो, "तेलगिल लावून जाशीन तं मंगरू होईन तुहा." आणि बाकीचे हसतात. मंगरू म्हणजे कोण, तर शिकलेल्या पोरीने हजारदा सांगूनही ज्याने ऐकलं नाही आणि स्वतःच्या हट्टापायी जो मेला, तो मूर्ख माणूस. तो माझा आतेभाऊ. एका ताटात जेवून आम्ही वाढलो. ही थट्टा मी इतकी वर्षं दात आवळून ऐकली. ऐकून घ्यावीच लागली, कारण खरं बोललो असतो तर एका बाईचं जगणं हराम झालं असतं. ती बाई यंदाच्या थंडीत गेली. आता माझं तोंड कोणी धरू शकत नाही.

मंगरूला लोक शेतकरी म्हणत नसत, आणि बरोबरच होतं. शेतकरी म्हणवून घ्यायला जमीन लागते. आमच्या वस्तीत जमीन दोन-चार घरांनाच, बाकीचे दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणा म्हणजे लावणी करणारे, धान कापणारे. मी चार बुकं शिकलो, तुमसरला कचेरीत चिकटलो. मंगरू शाळेतून लवकर निघाला आणि मजुरीला लागला. ज्या साली गोंदिया वेगळा झाला, भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, त्या साली गावातला मोठा शेतकरी तेजराम याने पाठीवरचा फवारणी पंप आणला. तो कोणी पाठीवर घ्यायला तयार नव्हतं, वासाने मळमळायचं. मंगरूने घेतला, आणि तो मरेपर्यंत त्याच्या पाठीवरच राहिला.

पण हुनर होतं त्याच्याकडे, ते कोणी नाकारू नये. चिमूटभर कोंडा हवेत सोडून वारा बघायचा आणि वारा पाठीशी ठेवून चालायचा. धानावर तुडतुडे आले की बाकीचे वरवर पानांवर फवारून मोकळे होत. मंगरू धानाच्या ओळी हाताने फाकवून बुडाशी मारायचा, कारण तुडतुडा बसतो बुडाशी. "पानावर मारली तं पानाले आंघोळ, तुडतुड्याले काय?" असं म्हणायचा. त्यामुळे करडीच काय, आसपासच्या गावांतूनही त्याला बोलावणं यायचं.

आणि त्याचं तेल. आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत बायामाणसं हातापायांना टोरीचं तेल चोपडतात. टोरी म्हणजे मोहाच्या फळातलं बी, त्याचं तेल घट्ट आणि चिवट असतं. दिवसभर चिखलात वाकून उभं राहायचं, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊ नयेत म्हणून हा उपाय. तेलावर पाणी टिकत नाही, घसरतं. आजा-पणज्यापासून सगळ्यांना ठाऊक. मंगरूने तोच उपाय फवारणीला लावला. पंप उचलायच्या आधी मानेपासून घोट्यापर्यंत तेल चोळून घ्यायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. दवाई पाण्यात ओतली की दुधासारखी होते. दूध झालं म्हणजे पाण्यात मिसळली. पाण्यात मिसळली म्हणजे पाणीच झाली. आणि पाणी तेलावर टिकत नाही. यात खोट काढून दाखवा बघू. मला तर काढता आली नव्हती. आणखी दोघा-तिघा फवारणीवाल्यांनीही त्याचं बघून तेल सुरू केलं होतं.

मात्र दर हंगामाच्या अखेरीस त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि हात थरथरायचे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा आणि तरीही सांडायचा. लोक म्हणत, वास चढला. मंगरू म्हणे, उतरते दोन महिन्यांत.

त्याची पोरगी प्रतिक्षा. बारावीनंतर तिला तुमसरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला घातलं तेव्हा ती माझ्याच घरी राहायला आली. मंगरू आणि विमलावहिनीचं हे एकच लेकरू. तिचे रसायनशास्त्राचे सर जुन्या पिवळ्या पडलेल्या वह्यांतून वाचून दाखवत आणि पोरं लिहून घेत. 'समान समानात विरघळते' असं एक वाक्य त्यांनी सांगितलं, पोरांनी लिहिलं, परीक्षेत येणार म्हणून खाली रेघ मारली आणि विसरली. आपल्या शिक्षणाची हीच तऱ्हा. प्रतिक्षा मात्र त्या संध्याकाळी आमच्या पडवीत बसून ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होती. मग मला म्हणाली, "काका, बाबाच्या दवाईले वास कशाचा येते? थिनरसारखा ना?" मी होय म्हटलं. "मंग ते पाण्यात गेलीच नाई कधी," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

पुढच्या रविवारी तिने मला सोबत घेतलं आणि आम्ही करडीला गेलो. वहिनीने कोंबडीचा रस्सा केला होता. मंगरू आणि मी जेवायला बसलो, प्रतिक्षा वाढत होती. तिने बापाच्या वाटीत रस्सा घातला आणि म्हणाली, "बाबा, यात पाणी जास्त का तेल?"

"पाणीच. तुही माय तेल मोजून टाकते."

"मंग लाल कोठी दिसते?"

"वरतं. तर्रीत."

"खाली एवढं पाणी असून तिखटाचा रंग पाण्यात काहून नाई राहिला?"

मंगरूचा घास हातात राहिला. मग पोरीने त्याला सांगितलं. पाण्याच्या कणाला दोन टोकं असतात, एक किंचित अधिक, एक किंचित उणं. या कणाचं अधिक टोक त्या कणाच्या उण्या टोकाला धरतं, असं सगळं पाणी एकमेकांचे हात धरून बसलेलं असतं. मिठाला, साखरेला अशीच टोकं असतात, म्हणून पाणी त्यांना आपल्यात घेतं. तेलाला टोकच नाही. त्याला पाणी बाहेर ढकलतं. आणि ज्याला पाणी बाहेर ढकलतं ते सगळं तेलाकडे जातं. तिखटाचा रंग तसाच, आणि डब्यातली दवाईही तशीच.

मंगरू हसला. "म्हणजे पाण्यातही जातपात हाय म्हण. आपल्यासारख्यालेच घरात घेते."

प्रतिक्षा हसली नाही.

"मंग ते दूध काहून होते?" मंगरूने विचारलं. "मिसळते म्हणून तं होते."

"मिसळत नाई, बाबा. मिसळलं असतं तं मिठाच्या पाण्यासारखं आरपार दिसलं असतं. कंपनी त्यात साबणासारखं काहीतरी घालते. त्यानं तेलाचे बारीक बारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात. ते पांढरं दिसते ते थेंबच. आणि तुमी आंगाले तेल लावून त्या थेंबाइले घर करून देता. पाणी निघून जाते, दवाई तेलात बसते, आणि तेलातून कातडीत. कातडीतही चरबीच असते."

 जेवण झाल्यावर तर्रीने माखलेला हात घेऊन मंगरू मोरीवर गेला. नुसत्या पाण्याने चोळत राहिला. लाल निघेना. मग साबण घेतला. बराच वेळ त्याने तो हात उलटापालटा करून बघितला आणि येऊन पोरीला म्हणाला, "नाई लावणार. तुले शबद देल्ला." मी तिथेच होतो. मी ऐकलं.

आणि त्याने तेल सोडलं. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मंगरूने तेल सोडलं होतं.

विमलावहिनी त्या वेळी चुलीपाशी भात उतरवत होती. ज्या रस्स्यावर एवढं सगळं समजावून झालं तो तिने रांधलेला, पण समजावलं कोणी तिला नाही. फवारणी हे गड्याचं काम, म्हणून गड्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मंगरू तिला एवढंच म्हणाला, "फवारणीले जाताना तेल नाई लावणार आता. पोरीले शबद देल्ला." बापलेकीचा लाड म्हणून तिने बाटली उचलून फळीवर ठेवली. कारण तिने विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. आपल्या घरांत बायांना कारणं सांगायची पद्धत नाही, त्यांना फक्त निकाल सांगतात.

त्या हंगामात मंगरूने पिशवीत साबणाची वडी ठेवायला सुरुवात केली. एक पंप मारून झाला की हातपाय साबणाने धुवायचा. बाकीचे फवारणीवाले टिंगल करत. तेजराम तर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून म्हणे, "पोरगी कालेजात गेली आन् मंगरूचं आंग नाजूक झालं." मंगरू ऐकून घ्यायचा. एकदा तुमसरला माझ्या घरी आला, चहाचा कप एका हाताने उचलला आणि तसाच माझ्यासमोर धरून ठेवला. कप हलत नव्हता. "पाहा," म्हणाला. त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता.

दसऱ्यानंतर धान लोंबीवर आलं आणि तुडतुड्याने धिंगाणा घातला. बांधीत मधेमधे जळाल्यासारखे गोल पडायला लागले. तेजरामाचा धीर सुटला. कृषी केंद्रातल्या दुकानदाराने दोन दवाया एकत्र करून दिल्या, लवकर मारा म्हणाला. डब्यावर काय लिहिलं होतं देव जाणे, अक्षरं मुंगीएवढी आणि वाचणार कोण? त्यात पंपाच्या झाकणाचं रबर गेलेलं. मंगरूने सकाळीच दाखवलं, पाठीवर गळते. तेजराम म्हणाला, "आजचा दिवस चालवून घे गा. उद्या नवीन आणतो."

दुपारपर्यंत मंगरूचा सदरा पाठीला चिकटला होता. त्याने पंप खाली ठेवला, साबण काढला आणि बोडीकडे, शेताजवळच्या तळ्याकडे, निघाला. आपल्याला काय झालंय ते त्याला कळत होतं, हे लक्षात घ्या. धुऱ्यावरून तेजराम ओरडला, "तेवढी बांधी होऊ दे, मंग धू. वारा सुटला तं दवाई वाया जाईन." बळी तो कान पिळी. मंगरू परत फिरला आणि ती बांधी त्याने पुरी केली. मग बोडीच्या काठावर पोचला आणि तिथेच पडला. साबण हातातच होता, म्हणतात.

दोघा मजुरांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून घरी आणलं. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने थबथबलेलं आणि बर्फासारखं गार, सगळं शरीर उडत होतं. शेजारच्या आनंदाबाईने अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेली, तिचा शब्द वस्तीत कोणी मोडत नसे. ती म्हणाली, "थंडी भरली वो याच्या आंगात. तेल गरम कर, विमला. चोळ."

आमच्याकडे जन्मलेल्या लेकराला तेल, बाळंतिणीला तेल, मुरगळलं तेल, गारठलं तेल. माणूस गार पडतोय असं दिसलं की दुसरं काही सुचतच नाही. वहिनीने फळीवरची बाटली काढली, तेल कोमट केलं, ओला सदरा काढून फेकला आणि नवऱ्याच्या पाठीला, छातीला, हातांना तेल चोळायला बसली. पाणी लावलं नाही, गारठेल म्हणून. मनगटं भरून येईपर्यंत चोळलं तिने. रडत होती आणि चोळत होती. पाठीवर जे काही सांडलं होतं ते सगळं तिने दोन्ही हातांनी, पूर्ण जीव लावून, त्याच्या अंगात जिरवलं. मग त्याला घोंगडीत गुंडाळून गाडीत घातलं.

मला फोन आला तेव्हा प्रतिक्षा कॉलेजात होती. तिला घेऊन मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा त्याला नुकतंच खाटेवर टाकलं होतं. प्रतिक्षा वाकून त्याच्याजवळ गेली, आणि मला दिसलं, तिने वास घेतला. टोरीच्या तेलाचा आणि थिनरसारख्या दवाईचा, दोन्ही एकत्र. मग ती वळली आणि आईच्या हातांकडे बघितलं. वहिनीचे हात कोपरापर्यंत तेलाने चकचकत होते.

ती आईला ओढत नळावर घेऊन गेली. साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, नखांत घासलं. वहिनी म्हणत होती, "सोड वो पोरी, तुहा बाप तिकडं पडला आन् तू माहे हात कायले धुवून राहिली?" पोरगी खाली मान घालून घासत राहिली.

डॉक्टर बाहेर आले. चिडलेले होते. "अंगाला तेल कोणी लावलं? हे धुवायचं असतं, तेल नाही लावायचं. कोणी लावलं?"

वहिनी पदराला हात पुसत पुढे झाली. ती सांगणार होती. का नाही सांगणार, तिने चांगलंच केलं होतं तिच्या मते. तेवढ्यात प्रतिक्षा तिच्या आणि डॉक्टरांच्या मधे उभी राहिली.

"बाबांनीच लावलं," ती म्हणाली. "फवारणीला जाताना लावतात. मी सांगून थकले. ऐकत नाहीत."

मी तोंड उघडलं होतं. तिने माझं मनगट असं दाबलं की मी मिटलं. मंगरू पहाटे गेला.

त्या एका वाक्यावर मग सगळे सुटले. कागदावर आलं की मजुराने अंगाला तेल लावल्यामुळे विष शरीरात गेलं. गळक्या झाकणाची चौकशी करायची कोणाला गरज उरली नाही. दुकानदार सुटला. मुंगीएवढी अक्षरं छापणारे सुटले. तेजराम तर माझ्याच तोंडावर म्हणाला, "शिकलेली पोरगी सांगत होती राजा, आयकाले पाह्यजे होतं त्यानं." चोराच्या उलट्या बोंबा दुसऱ्या कशाला म्हणतात?  पण बोलायला गेलो तर एकच बोलायचं होतं, की तेल त्याच्या बायकोने लावलं. ते कसं बोलणार?

प्रतिक्षाला मी बोललो. सगळं आटोपल्यावर विहाराच्या मागे गाठून बोललो, आणि लागेल असं बोललो. "तुह्या बापानं तुहं आयकलं, आन् तूच त्याले न ऐकणारा ठरवलं. सारं गाव हसून राहिलं त्याच्यावर."

ती म्हणाली, "काका, बाबा गेले. आई हाये."

 तिचं चुकलं असं आजही माझ्याने म्हणवत नाही, आणि बरोबर होतं असंही नाही.

वहिनी काही खुळी नव्हती. आठवड्याभरातच तिने विचारलं, "पण त्यायनं तं तेल सोडलं होतं. बाटली तं माह्या फळीवरच होती." प्रतिक्षाने सांगितलं, "चोरून लावत होते, आई. दुसरी बाटली होती त्यांच्याजवळ. मले दिसली होती." एक खोटं झाकायला दुसरं, त्याला तिसरं. वहिनीने ते मानलं. लेकीच्या शब्दावर तिचा नवऱ्याच्या शब्दापेक्षा जास्त विश्वास होता.

तेव्हापासून ती मंगरूवर जी रुसली ती रुसलीच. दर वर्षी त्याच्या पुण्यानुमोदनाला, स्मृतिदिनाला, खीर करायची, वस्तीला वाढायची, आणि कोणी त्याचं नाव चांगल्या अर्थाने काढलं की ताडकन उठून जायची. "पोरीले शबद देऊन फसवलं त्यानं," म्हणायची. "मले फसवलं असतं तं चाललं असतं." प्रतिक्षा शिकली, एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागली, आईला आपल्याजवळ घेऊन गेली. त्या घरात मंगरूचा फोटो लागला नाही. आईला चालला नाही.

यंदा थंडीत वहिनीने अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तेव्हा दुपार होती, उन्हात खाट टाकली होती आणि प्रतिक्षा तिच्या पायांना कोमट तेल चोळत होती. पाय गार पडत होते. वहिनी डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली.

मग ती बोलली. "तुह्या बापाले असंच चोळलं होतं मी. लय चोळलं. हात गळून गेले होते माहे. तेवढं तरी त्याच्यासाठी माह्या हातून झालं. त्याच्यावरच जगली मी."

प्रतिक्षाचे हात थांबले नाहीत.

"पण खोटा निघाला," वहिनी म्हणाली. "खोटाच होता ना तुहा बाप?"

"होय, आई," प्रतिक्षा म्हणाली, आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.